वाचकांचे प्रश्न : बांबूउडी मारणारा जिम्नॅस्ट

प्रश्न : १९०० सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा ग्युस्ताव सांद्रास जिम्नॅस्टिक्समध्ये पहिला आला. त्या स्पर्धेच्या यादीत बांबूउडी आणि वजन उचलणे हेही प्रकार दिसतात. ही छपाईची चूक आहे का? आणि त्याला सुवर्णपदक मिळाले का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चूक नाही. ती यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मलाही वाटलं होतं, की दोन खेळांची पानं एकमेकांना चिकटली असावीत. माझी बावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवण्यात गेली. जिम्नॅस्टिक्स म्हणजे सिंगलबार, डबलबार, रिंगा आणि घोडा, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं.

ही स्पर्धा २९ आणि ३० जुलैला व्हॅन्सेनच्या सायकल-मैदानावर झाली. एकूण प्रकार सोळा. बहुतेक साधनांवर प्रत्येकाला दोनदा चढावं लागे : एकदा ठरवून दिलेला व्यायाम, एकदा आपल्या पसंतीचा. त्यात भर म्हणून दोरावर चढणं, उंच आणि लांब उडी, बांबूउडी, वजन. दोर पाहून आपल्या मल्लखांबवाल्यांना बरं वाटेल. ऑलिंपिकमध्ये तो अधूनमधून थेट १९३२ पर्यंत टिकला.

प्रत्येक प्रकाराला २० गुण, एकूण ३२०. सांद्रासचे झाले ३०२. म्हणजे सोळा प्रकारांत मिळून गेले फक्त अठरा! डबलबारवर तरबेज असलेली आमची पोरं दोर हातात दिला की अर्ध्यावर लोंबकळायची. त्यामुळे या अठरा गुणांचं मला फार अप्रूप. दुसरा नोएल बास २९५ वर, तिसरा ल्युसिएं देमाने २९३ वर. पहिले अठराही फ्रेंच. अर्थात १३५ स्पर्धकांत बहुतेक फ्रेंचच होते, हेही सांगायला हवं.

इतके फ्रेंच आले कुठून? १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून सपाटून मार खाल्ल्यावर ‘आपली पोरं कमकुवत राहिली’ ही सल त्या देशाला लागली. गावोगावी व्यायाममंडळं निघाली आणि १८७३ मध्ये त्यांचा संघ झाला. सांद्रासचा जन्म २४ फेब्रुवारी १८७२ चा, उत्तरेकडच्या क्रुआ गावचा. शेजारी रुबे, सगळा कापडगिरण्यांचा मुलूख. म्हणजे हा गडी त्या लाटेबरोबरच वाढला. जिंकला तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. १९५१ साली वारला.

आता पदक. ते ऑलिंपिक पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या पोटात भरलं होतं. पहिल्याला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य, तिसऱ्याला कांस्य ही रीत १९०४ पासूनची. पदकतक्त्यात सांद्रासच्या नावापुढे दिसतं ते सुवर्ण मागाहून मांडलेलं आहे. त्या दिवशी तो जिंकला, एवढं मात्र खरं.