अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर एका जागी जीव रमतो का?

तुम्ही विचारलंय की १५ वर्षं फिरून आता बस्तान बसवायचं ठरवलंय, ते जमेल का. आणि नव्याने बाहेर पडणाऱ्या पोरांच्या उपयोगी पडायचं तर कसं.

मी १७ वर्षं फिरलो. एका जागी टेकलो त्याला आता ६ वर्षं झाली, त्यातली पहिली २ रमण्यातच गेली. सुरुवातीला मी घरात राहत नव्हतोच, मुक्कामाला होतो. कपाट रिकामं आणि कपडे सॅकमध्ये. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं तेव्हा एक सोय फुकट मिळते, ती पुढे कळते: कुणाशी खटकलं की पुढचं गाव गाठायचं. आता खटकलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यातच भेटतो. मला जड गेलं ते हे. डोंगरांची आठवण त्यामानाने किरकोळ. शेवटी मी नाही गेलो तर कुणाचं तरी अडेल असं आठवड्याचं एक काम अंगावर घेतलं, तेव्हा कुठे पाय थांबले.

आता पोरांचं. माझ्याकडे एक खोली जास्तीची आहे, तिथे येणारेजाणारे उतरतात. पहिल्या वर्षी मी त्यांना रात्र रात्र किस्से ऐकवले. बिचारे जांभया दाबून ऐकायचे. त्यांना माझे किस्से नको होते, चार्जिंगची जागा आणि उद्याचा रस्ता हवा होता.

त्याहून वाईट म्हणजे माझी बरीचशी माहिती शिळी होती. एका मुलाला मी ठासून सांगितलं की पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं, काही देशांत शिरताना दाखवावं लागणारं प्रमाणपत्र १० वर्षांनी बाद होतं, पुन्हा टोचून घे. तो शांतपणे म्हणाला, "काका, २०१६ च्या जुलैपासून ते आयुष्यभर चालतं." त्याचंच बरोबर होतं. तेव्हापासून व्हिसा, सीमा, कागदपत्रं यांबद्दल मी छातीठोक बोलत नाही. त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ उघडायला लावतो आणि शेजारी बसतो. शेजारी बसण्याचाही उपयोग होतो बरं का. एकीला वाटत होतं की शेंगेन देशांतून, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांतून, एक दिवस बाहेर पडून परत आलं की राहायचे ९० दिवस नव्याने सुरू होतात. नियम कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० चा आहे. आम्ही कॅलेंडर घेऊन बोटांवर मोजले, तर तिचे ११ च उरले होते.

शिळं होत नाही ते शरीराचं ज्ञान, आणि तिथे मात्र मी न विचारता बोलतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजची झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि ३-४ दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. डोकं दुखून मळमळत असेल तर आणखी वर जायचं नाही. त्रास वाढला तर रात्र असो की पाऊस, खाली उतरायचं. कुत्रा चावला, नुसतं ओरखडलं तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठायचा. "लहानसंच आहे" म्हणून पुढची बस पकडणारे मी पाहिलेत. अशांशी मी भांडतो.

पैसे उसने द्यायचे का, हेही तुम्हाला पुढे कुणी विचारेलच. मी देत नाही. जेवण, अंथरूण, आणि घरी फोन करायला लावणं, एवढं करतो. घरी फोन केल्यावर निम्मी संकटं तिथेच मिटतात.

गेल्या वर्षी एका मुलीची सॅक फाटली म्हणून मी माझी जुनी काढून दिली. १७ वर्षांची साथीदार, देताना गळा थोडा दाटलाच. तिने उचलून पाहिली, म्हणाली, "रिकामीच एवढी जड?" आणि सुई-दोरा मागितला. माझी सॅक अजून कपाटावर पडून आहे, हिवाळ्याची पांघरुणं ठेवायला बरी पडते.