पार्किंगमधल्या मशीनपुढे खांब लावताय? लादीवर बोल्ट मारू नका

बडोद्यातल्या मांजलपूरचं टेनामेंट (रांगेतलं स्वतंत्र घर), पार्किंगच्या मागच्या भिंतीला फ्रंट लोड वॉशिंग मशीन, शेजारी पाइप गॅसचं मीटर. नवशिक्या हातानं गाडी आत घेताना मशीनचं दार फुटलं, आणि आता दुकानदार चार बोल्टांचा तयार पिवळा-काळा खांब विकतोय, 'पंधरा मिनिटांत बसवून देतो' म्हणतोय. तुमचा प्रश्न वाचला आणि हे दुखणं लगेच ओळखलं. तो खांब घेऊ नका. दुसरं काहीही करा, पण तो नको.

आधीच सांगतो, मी स्ट्रक्चरल इंजिनियर नाही, साइटवर उभं राहून काम करून घेणारा माणूस आहे. खालचे आकडे हिशेबाचे आहेत, गाडी आणि जागेप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतील.

माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी ५ किलोमीटरने येऊन धडकली, तर तो मार १२०० किलोचं वजन १० सेंटीमीटरवरून सोडल्याइतका असतो. ताशी १० ला तोच मार चौपट, म्हणजे ४० सेंटीमीटरवरून सोडल्यासारखा. ताशी ५ ची गाडी ५ सेंटीमीटर दबून थांबली असं धरलं, तरी खांबावर साधारण २ टन ३०० किलोचा जोर येतो, तोही जमिनीपासून ४५ सेंटीमीटर वर, बंपरच्या उंचीला. खालच्या प्लेटवर बोल्टांच्या दोन ओळींत १५ सेंटीमीटर अंतर असलं, तर गाडीच्या बाजूच्या दोन बोल्टांपैकी प्रत्येकावर तीन-साडेतीन टनांची उपटणारी ओढ येते. चांगल्या काँक्रीटमध्येसुद्धा १२ एमएमच्या एक्स्पान्शन बोल्टाकडून (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या) ही अपेक्षा धरता येत नाही. आणि आपल्या पार्किंगमध्ये लादीखाली चांगलं काँक्रीट असतं कुठे?

वरून खाली काय असतं ते बघा. १२ एमएमची पार्किंग टाइल. तिच्याखाली ४०-५० एमएम रेती-सिमेंटचा थर, बहुतेक वेळा कोरडाच पसरलेला आणि मधेमधे पोकळ. त्याखाली १०० एमएम पीसीसी (विनासळईचं साधं काँक्रीट), तेही १:४:८ चं (सिमेंट, रेती, खडी), म्हणजे नावाला काँक्रीट. त्याखाली भराव, आणि भरावाखाली आपली बडोद्याची काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आकसून भेगाळणारी. ७५ एमएमचा बोल्ट टाइल आणि रेतीतच संपतो. वरून पान्यानं आवळला की घट्ट वाटतो, कारण प्लेट टाइलवर दाबली जाते. हलवून बघितलं तरी हलत नाही. फसगत होते ती इथेच. हातानं हलत नाही म्हणजे गाडीनं हलणार नाही, असं माणूस धरून चालतो.

मला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. असा खांब लागला की वाकतही नाही, तुकडे झालेल्या टाइलसकट मुळातून उपटून येतो आणि मशीनवर आडवा पडतो. बंपर निदान प्लास्टिकचा, रुंद आणि थोडा मऊ असतो. लोखंडी पाइपाचं टोक दाराच्या काचेतून थेट ड्रमवर जातं. खांब नसता तर नुकसान कमी झालं असतं, असं म्हणायची पाळी येते.

विश्वास बसत नसेल तर एकच भोक पाडून बघा. ड्रिल चालताना राखाडी, पिठासारखी बारीक भुकटी येत असेल आणि ड्रिलला जोर लावावा लागत असेल, तर ते काँक्रीट. रेताड भुकटी भराभर वर आली तर तो लादीखालचा रेती-सिमेंटचा थर. ड्रिल एकदम 'धप' करून आत गेलं तर पोकळी. पण त्याही आधी पाण्याची टाकी कुठे आहे ते बघा. आपल्याकडे जमिनीखालची टाकी सर्रास पार्किंगखालीच असते, आणि ती झाकणापुरती नसते. झाकण उघडून आत टॉर्च मारा, काठीनं चारी बाजूंच्या भिंतींपर्यंतचं अंतर मोजा आणि वर टाइलवर खडूनं आखून घ्या. टाकीच्या स्लॅबवर ना खड्डा, ना हॅमर ड्रिल.

खांब लावायचाच तर पुरलेला लावा. १०० एमएम बोअरचा (आतल्या पोकळीचा), मध्यम जाडीच्या मीडियम क्लासचा एमएस म्हणजे साध्या पोलादाचा पाइप, बाहेरून ११४ एमएम, जाडी साडेचार एमएम. लांबी १६५ सेंटीमीटर. त्यातले ६५ जमिनीखाली, मीटरभर वर. खड्डा ४० बाय ४०, खोली ७५ सेंटीमीटर. तळाशी १० सेंटीमीटर खडी कुटून घ्या आणि मग पाइप ओळंब्यात उभा करा. काँक्रीट १:१.५:३. पाइपाच्या आतही भरायचं, वर थोडा घुमट ठेवायचा म्हणजे पाणी साचत नाही. एका खांबाला ५० किलोची एक गोणी पुरते, सांडलवंड धरून सव्वा. कडियाला (गवंड्याला) पाणी कमी घालायला सांगा; काम सोपं व्हावं म्हणून तो ताकासारखा माल करेल. गंज नेहमी जमिनीलगत लागतो, तेव्हा जमिनीच्या वर-खाली १५-१५ सेंटीमीटर बिटुमनचे दोन हात द्या. सात दिवस ओलं पोतं गुंडाळा, आणि दोन आठवडे गाडी बाहेरच राहू द्या. हे दोन आठवडे कुणाला धीर धरवत नाही.

मशीनपुढे असे दोन खांब लागतात. त्यांच्यामध्ये मोकळी जागा ७५ ते ८० सेंटीमीटर ठेवा. मशीन ६० रुंद असतं, दुरुस्तीला बाहेर काढता येतं, आणि गाडी काही त्यातून जात नाही. खांब मशीनच्या समोरून किमान ३० सेंटीमीटर पुढे हवेत, कारण पुरलेला खांबही मोठ्या माराला थोडा कलतो. खांब मशीनच्या दोन्ही कडांच्या जरा बाहेर घ्या. दाराच्या समोर आला तर रोज कपडे काढताना गुडघा आपटेल आणि महिन्याभरात घरातलंच कुणीतरी तो काढून टाकायला सांगेल.

आता जागेचा हिशेब, जो कुणीच आधी करत नाही. भिंत आणि मशीनमध्ये पाइपांसाठी १०, मशीनची खोली ६०, मोकळे ३०, खांब १२. झाले ११२. त्यात ३९९ सेंटीमीटरची गाडी आणि गेटला १० मोकळे धरा. एकूण ५२१. तुमचं पार्किंग भिंतीपासून गेटपर्यंत सव्वापाच मीटर नसेल, तर खांबांचा नाद सोडा आणि मशीन बाजूच्या भिंतीला, जिन्याखाली किंवा मागच्या चौकात (अंगणात) न्या. हलवताना मागचे ट्रान्झिट बोल्ट (ड्रम जखडून ठेवणारे) परत लावा, नाहीतर ड्रमचं सस्पेन्शन तुम्हीच मोडाल. आणि मशीनला मार बसला आहेच, तर नवं दार लावून लगेच सुरू करू नका. आत काँक्रीटचं वजन असतं, ते तडकलेलं असलं किंवा त्याचे बोल्ट ढिले झाले असले, तर स्पिनला घणासारखे ठोके देतं. वरचं झाकण उघडून बघायला सांगा.

चाकापुढच्या रबरी स्टॉपरबद्दल. तो लावा, पण खांबाऐवजी नाही, खांबाच्या जोडीला. सगळे स्टॉपर मशीनच्या अगदी जवळ लावतात. चाक स्टॉपरला टेकतं तेव्हा बंपर त्याच्या बराच पुढे गेलेला असतो. ३० सेंटीमीटर त्रिज्येचं चाक १० सेंटीमीटर उंच स्टॉपरला आसाच्या साधारण २२ सेंटीमीटर पुढे टेकतं. आसापासून बंपर ७५ पुढे असेल तर स्टॉपरच्याही ५३ सेंटीमीटर पुढे बंपर जातो. आकडेमोड नको असेल तर चाकापुढे एक वीट आडवी ठेवा, चाक हलकेच टेकवा आणि विटेपासून बंपरपर्यंत टेप लावा. गाडी रिव्हर्समध्ये घेत असाल तर मागच्या चाकाचं माप वेगळं. दोन चाकांसाठी ५५ सेंटीमीटरचे दोन सुटे तुकडे लावा. सलग पट्टी लावलीत तर धुण्याचं पाणी अडून मशीनच्या पायाशी तुंबेल. याचेही बोल्ट टाइल कापून काँक्रीटपर्यंत न्या. छताला दोरीनं चेंडू बांधायचा उपाय चालतो, पण एकाच गाडीला. पाहुण्यांची गाडी आली की चेंडूला काही अर्थ नाही.

माझ्या मते खरा गुन्हेगार मात्र गेटचा रॅम्प आहे. पाणी भरू नये म्हणून घरं उंच घेतली, रॅम्प चढा झाला. ४५ सेंटीमीटर उंचीला किमान साडेतीन मीटर लांब रॅम्प हवा, मिळतो पावणेदोन मीटर. चढायला ॲक्सिलरेटर द्यावाच लागतो, चाकं वर आली की गाडी एकदम मोकळी होते आणि पाय अजून तिथेच असतो. म्हणून मशीनपर्यंत येणारी गाडी ताशी ५ ची नसते, १० ची असते. शिकणाऱ्याला एकच सवय लावा: पुढची चाकं वर आली की पूर्ण थांबायचं, मग नुसत्या क्लचवर आत. ऑटोमॅटिक असेल तर पाय ब्रेकवर, ॲक्सिलरेटरला हातसुद्धा लावायचा नाही. म्हणजे पाय.

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हापासून पुष्कळांनी मशीन लोखंडी स्टँडवर चढवलंय. गाडीच्या दृष्टीनं ते आणखी वाईट. बंपर बारीक पायांना लागतो आणि ६०-७० किलोचं मशीन बॉनेटवर येतं. उंच करायचंच तर ४५ सेंटीमीटरचा भरीव ओटा बांधा, मशीनच्या २० सेंटीमीटर पुढे काढलेला. बंपर ओट्यालाच अडतो. टाकी मधे येत असेल तर खांबाऐवजी हाच पर्याय, फक्त ओटा टाकीच्या स्लॅबवर येऊ देऊ नका. इन्व्हर्टरची बॅटरी आणि फ्रीज गाडीच्या रेषेत ठेवू नका. नव्या फ्रीजमध्ये बऱ्याचदा आर-६०० ए असतो, तो जळणारा वायू आहे.

गॅसच्या मीटरला मी मशीनपेक्षा जास्त घाबरतो. मीटरवरची पत्र्याची पेटी म्हणजे संरक्षण नव्हे. मीटरसमोर वेगळा पुरलेला खांब घ्या, पण खणण्याआधी गॅसची लाइन जमिनीत कुठून येते ते गॅसवाल्यांकडून आखून घ्या. पाइपाला जाळी, हुक, नळी काहीही बांधू नका, आणि झडपेपर्यंत हात पोचायला हवा. मीटर हलवायचं तर अर्ज लेखी द्या, प्लंबरकडून करून घेऊ नका. धडक बसली आणि वास आला तर झडप बंद करा, कुठल्याही स्विचला हात नको, गाडी परत सुरू करायची नाही, न्यूट्रलमध्ये हातानं ढकलून बाहेर काढा. तातडीचा नंबर बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये घाला.

विम्याचं थोडक्यात, कारण लिहायला बसलो की डोकं फिरतं. गाडीचा थर्ड पार्टी विमा तुमच्या स्वतःच्या वस्तूंना लागू नाही, ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) फक्त गाडीला. एका विमा कार्यालयानं मला चार महिने मोटरच्या टेबलावरून घराच्या टेबलावर आणि परत फिरवलं; हे एक वाक्य पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बिलं गोळा करण्यात माझे दिवस गेले नसते. जुन्या फायर पॉलिसीत धडकेचं कलम असायचं, पण स्वतःच्या किंवा घरातल्यांच्या गाडीनं झालेलं नुकसान त्यातून वगळलेलं. १ एप्रिल २०२१ पासूनच्या भारत गृह रक्षा पॉलिसीत घरातलं सामान इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, आपोआप धरलं जातं. तुमच्या कागदावर धडकेच्या कलमात वाहन कुणाचं हवं असं लिहिलंय का, ते स्वतः वाचा. एजंटचं तोंडी 'हो हो, सगळं कव्हर आहे' धरून बसू नका. लेखी उत्तर मागा.

तुम्ही तीन मापं टाका: भिंतीपासून गेटपर्यंतची लांबी, टाकीची जवळची भिंत मशीनपासून किती अंतरावर, आणि विटेपासून बंपरपर्यंतचं माप. मग दोन खांब पुरतील की मीटरसाठी तिसराही लागेल, ते सांगता येईल. दुकानदाराला तोवर थांबवा.