व्हायोलिनच्या गोडव्याला घाबरू नकोस

प्रिय लेकरा,

तुझं पत्र मिळालं. परभणीच्या अभ्यासिकेतल्या पोरापोरींना गच्चीवर बसवून अमेरिकी गायक मार्विन गेचा 1971 चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम अख्खा ऐकवायचा तुझा बेत मला आवडला. पण ‘आधी व्हिएतनाम युद्धावर थोडं बोलेन’ असं जे लिहिलंयस, ते रद्द कर. स्पर्धा परीक्षेची लेकरं आहेत, दिवसभर नोट्सच काढतात. तू बोलायला उभा राहिलास की तिथंही वह्या उघडतील.

तुझी खरी शंका शेवटच्या ओळीत दडलीय. युद्ध, बेकारी, नशा, पोलिसांचा मार असले विषय, आणि त्यावर एवढी व्हायोलिनं, एवढा मऊ गळा! यानं प्रश्नाची धार जात नाही का, असं तू विचारतोस.

आपल्याकडंच बघ ना. पैठणच्या नाथांनी भारुडात विंचू चावून घेतला, लोक पोट धरून हसले आणि बोलायचं ते नाथ बोलून गेले. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, ती गाणी बायांच्या ओठांवर बसली ती चालीमुळं. नामांतराचा लढा 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत चालला. त्या काळातली भाषणं आज किती जणांना आठवतात? गाणं मात्र जयंतीच्या रात्री कुणीतरी उचलतंच, आणि मागची माणसं झील धरतात. धार चालीनं जात नाही. ऐकणारा एकटा पडला की जाते.

हे मी उगाच म्हणत नाही. या अल्बमच्या शीर्षकगीताचं मूळ मे 1969 मधलं. ‘फोर टॉप्स’ या गायकांच्या चमूतला ओबी बेन्सन कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत होता. पीपल्स पार्कच्या आंदोलनात पोलिसांनी तरुणांना झोडपलेलं त्यानं पाहिलं आणि त्याला गाणं सुचलं. त्याच्या सोबत्यांना ते निषेधाचं गाणं वाटलं, ते नको म्हणाले. गाणं मार्विनकडं आलं, त्यानं त्यात भर घातली. त्याचा भाऊ फ्रँकी व्हिएतनामहून परतला होता. अल्बममधलं दुसरं गाणं अशाच घरी आलेल्या सैनिकाच्या तोंडी आहे. काम मिळेल का, गावात काय चाललंय, असं तो विचारतो. साखर कारखान्यावरून सहा महिन्यांनी गावी परतणारं बीडचं पोरगं दुसरं काय विचारतं?

मार्विनची गाणी काढणाऱ्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा मालक बेरी गॉर्डी या गाण्याच्या विरोधात होता. जानेवारी 1971 मध्ये ते एकटंच बाजारात आलं, तुफान खपलं. मग मात्र पूर्ण अल्बमची घाई सुटली, आणि मे महिन्यात तो दुकानात होता. धंद्याची तत्त्वं अशी लवचिक असतात.

आता सुरुवात नीट ऐक. आधी गर्दीतली कुजबुज येते, मित्र एकमेकांना हाळी देतायत. मार्विननं आपल्या ओळखीची माणसं, त्यात अमेरिकन फुटबॉलचे दोन खेळाडूही, स्टुडिओत बोलावून हा आवाज भरला. मग सॅक्सोफोन, आणि मग एकाऐवजी दोन मार्विन. रेकॉर्डिंग इंजिनिअरनं तुलनेसाठी त्याच्या गाण्याचे दोन वेगवेगळे टेक, म्हणजे दोनदा गाऊन घेतलेले आवाज, ठेवले होते, ते एकत्र वाजले आणि मार्विनला तेच आवडलं. म्हणजे एकट्या गायकाचं गाणंही इथं घोळक्यातलं झालं. खाली जेम्स जेमरसनची खर्जातली बेस गिटार चालते, वर डेव्हिड व्हॅन डेपिटनं बांधलेली व्हायोलिनं. त्यात डेट्रॉइट सिंफनी या वाद्यवृंदाचे वादकही होते. आणि इतकी वर्षं बिननावाचे राबलेले मोटाऊनचे घरचे वादक या अल्बमच्या वेष्टनावर पहिल्यांदा नावानिशी आले. मला विचारशील तर ही ओळदेखील राजकीयच आहे.

आणि तुला वाटणारी भीती अगदीच खोटी नाही. इअरफोन लावून बसमध्ये ऐकलंस तर हा अल्बम झोप आणतो. समुद्रातलं तेल, माशांतला पारा यांवरचं गाणंही इतकं गोड आहे की शब्द कानावरून घसरतात. चार जण असले की एखादा विचारतो, ‘आत्ता काय म्हणाला तो?’ तिथून पुढं सगळं सुरू होतं. म्हणून गच्चीवरची मंडळी हवीतच. एखादं लातूरचं पोरगं निघेल, 2016 मध्ये मिरजेहून आलेली पाण्याची रेल्वे पाहिलेलं. त्याला बोलू दे. त्यानं विषय भरकटवला तरी चालेल.

इंग्रजी समजणार नाही, ही अडचण मोठी नाही. नऊ गाण्यांचा सार मराठीत, प्रत्येकाला दोन ओळी, असा कागदावर लिही आणि आधीच हातात दे. गाणं चालू असताना अर्थ सांगायचा नाही. मध्येच थांबवायचंही नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, पहारेकरी बदलतो, नाद तुटत नाही. पहिल्या बाजूची गाणी तशीच एकमेकांच्या हातात हात देतात. फुकटच्या ॲपची जाहिरात तिथं घुसली तर सगळं गेलं. शफल बंद ठेव, आणि दोन गाण्यांमधला विराम काढण्याची सोय ॲपमध्ये असते, ती शोध. अख्खा अल्बम पस्तीस मिनिटांच्या आसपास आहे. चहा नंतर.

आवाजाचं सांगतो. फोनच्या स्पीकरवर किंवा भोंग्यावर जेमरसन ऐकूच येत नाही, आणि तो गेला की अर्धा अल्बम गेला. डीजेवाल्याच्या भिंतीवर तर फक्त तोच उरेल. भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर आणि दोन बॉक्स माग, आवाज बोलण्याइतकाच ठेव. शेजारच्या काकूंनाही बोलाव, म्हणजे तक्रार येणार नाही.

शेवटचं गाणं संपताना सुरुवातीची चाल पुन्हा डोकावते. ते कुणाच्या लक्षात आलं का, एवढंच विचार. शाहिरीशी तुलना, निष्कर्ष, आभार, काहीही नको. कुणी ‘परत लाव’ म्हणालं तर कोणतं गाणं, ते मला कळव.

आणि ॲम्प्लिफायर एकादशीच्या आधी परत पोचव, मंडळाला लागतो.

तुझे,
सर