मुली कमी मार्कांत पोलीस होतात का? माणच्या मुलीला उत्तर

पोरी, तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू माण तालुक्यातली, धनगर समाजाची, बारावी झालेली, 19 वर्षांची. उंची 155 सेंटीमीटरच्या अटीला जेमतेम टेकते. शिपाई भरतीचा फॉर्म भरायचाय, पण दोन गोष्टींनी अडलीस. एनटी-क, म्हणजे भटक्या जमाती-क मधून फॉर्म भरला की खुल्या महिलांच्या जागेवर नाव येतच नाही, असं अ‍ॅकॅडमीत कुणी सांगितलं. आणि गावातली पोरं म्हणतात, मुली सवलतीवर लागतात, त्यात काय मोठेपणा. मी 27 वर्षं खात्यात काढली. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार असताना स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता पहाटे तालुक्याच्या मैदानावर पोरींचा सराव घेते.

आधी खुल्या जागेचं. तुला चुकीचं सांगितलंय. उत्तर प्रदेशातल्या शिपाई भरतीत हाच घोळ झाला होता. ओबीसीतल्या एका मुलीला 276.5949 गुण होते, आणि खुल्या महिलांच्या यादीतली शेवटची मुलगी 274.8298 गुणांवर लागली होती. जास्त गुणांची घरी, कमी गुणांची नोकरीत! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 18 डिसेंबर 2020 ला न्या. उदय लळित यांच्या खंडपीठानं निकाल दिला. खुली जागा म्हणजे खुल्या प्रवर्गाचा राखीव कोटा नव्हे, मागास प्रवर्गातली मुलगी गुणांवर बसत असेल तर तिला खुल्या महिलांच्या जागेवर घ्यावंच लागेल, असा त्याचा अर्थ. तेव्हा एनटी-क मधून बिनधास्त भर. जात लपवून खुल्यातून भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस, आपल्या हातानं आपली एक वाट बंद होते.

आता गावातल्या पोरांचं. 1994 च्या महिला धोरणापासून आपल्याकडे सरकारी नोकरीत महिलांना 30 टक्के जागा आहेत. हे समांतर आरक्षण. प्रत्येक प्रवर्गाच्या आतच त्या 30 टक्क्यांचा हिशोब होतो. महिलांचा कटऑफ बऱ्याचदा खाली असतो, हे खरंय, मी लपवणार नाही. पण लेखीचा पेपर दोघांना तोच, 100 मार्कांचा. मैदानी 50 ची, त्यात धावण्याला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. मुलं 1600 मीटर पळतात, तुम्ही 800. तुमचा गोळा 4 किलोचा. याला सवलत म्हणायचं तर म्हणू देत. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत मारून दाखवा म्हणावं, मग बोलू.

आणि खात्याला बाई कशाला लागते, तेही त्यांना सांग. एकदा रात्री दोनला मला घरून बोलावलं. ठाण्यात बाकावर एक मुलगी चार तास बसून होती. अंगावर शाल घट्ट ओढलेली, पुरुष हवालदाराशी एक शब्द बोलायला तयार नाही. तो माणूस चांगला होता, त्यानं चहाही दिला होता, तो तसाच गार पडला होता. मी शेजारी बसले. काही विचारलंच नाही. बऱ्याच वेळानं तिनं शाल बाजूला करून मनगटापासून कोपरापर्यंतचे चटके दाखवले आणि मग तिची फिर्याद सुरू झाली. पहाटे पाचपर्यंत लिहीत होते. लैंगिक अत्याचाराची फिर्याद महिला अधिकाऱ्यानं नोंदवावी, सूर्यास्तानंतर बाईला सहसा अटक करू नये आणि करावीच लागली तर महिला अधिकाऱ्यानंच करावी, असं कायदा सांगतो. ठाण्यात बाईच नसेल तर हा कायदा पाळणार कोण? केंद्रीय गृह मंत्रालय राज्यांना कधीपासून सांगतंय की 33 टक्के महिला घ्या, प्रत्येक ठाण्यात किमान 3 महिला फौजदार आणि 10 महिला शिपाई ठेवा. बहुतेक ठाणी अजून त्याच्या जवळपासही नाहीत.

भाषेचंही तेच. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडियाचा पेपर असतो. ज्याला फिर्यादीची भाषाच कळत नाही, तो पंचनामा काय लिहिणार? तृतीयपंथी उमेदवारांसाठी फॉर्ममध्ये रकाना यायला मात्र डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला खडसवावं लागलं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. संधी कागदावर सारखी असते, पण मैदानापर्यंत पोचताना मुली गळतात. माझ्याकडची एक मुलगी, सरावात 800 मीटरला हमखास अठरा मार्क घेणारी, मैदानीच्या दिवशी सहाशे मीटरवर पोटरी धरून खाली बसली. नंतर कळलं, आदल्या संध्याकाळपासून तिनं पाणीच पिलेलं नव्हतं. "बाई, रात्र स्टँडवर काढली. तिथलं संडास बघितलं आणि ठरवलं, पाणीच नको." तिच्या पायात ताकद कमी नव्हती, पण तिचं वर्ष गेलं. मुलांनाही स्टँडवर झोपावं लागतं, त्यांचेही हालच, पण ती पाणी तोडत नाहीत. म्हणून मी आता पोरींना मैदानाच्या गावात आदल्या दिवशी दुपारीच पाठवते, दोघी-तिघी मिळून, कुणाच्या तरी ओळखीच्या घरी. तुझी सोय नसेल तर लिही, बघू. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड सोबत ठेव, आणि नवीन बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस.

उंचीचं घाबरू नकोस, पण सावध राहा. दिवसभर उभं राहिलं की पाठीचा कणा दबतो, संध्याकाळी माणूस जरा आखूड भरतो. आदल्या रात्री पूर्ण झोप घे, मोजताना टाचा, पाठ, डोकं खांबाला लावून ताठ उभी राहा. माप चुकलं वाटलं तर तिथल्या तिथे, नम्रपणे, पुन्हा मोजायला सांग. बाहेर येऊन रडण्यात अर्थ नसतो.

खरी धावपळ कागदांची आहे. एनटी-क ला जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर दोन्ही लागतात, निवडीनंतर जात वैधताही. भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. मेंढरं घेऊन अर्धं वर्ष कोकणात-घाटावर फिरणाऱ्या आज्याचा कागद कुठून आणायचा, हा प्रश्न मी कित्येक घरांत ऐकलाय. आजोबा शाळेत गेले नसतील तर चुलत आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा शोध, तहसीलमध्ये जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची, म्हणजे गाव नमुना 14 आणि कोतवाल बुकाची नक्कल माग. वडिलांकडच्या कुणाची वैधता आधी झाली असेल तर काम खूप सोपं होतं, म्हणून आधी भावकीत विचार.

सरावाला मैदान नाही म्हणालीस. ललिता बाबर तुमच्याच तालुक्यातल्या मोहीची, माळावर पळून 2016 ला रिओ ऑलिंपिकची अंतिम शर्यत धावली. तुझ्याकडे माळ आहेच. 800 मीटर मोजून दोन दगड लाव आणि रविवारी वेळ मोजून मला कळव. आजोबांच्या कागदाचं काय झालं तेही लिही, त्याप्रमाणे पुढचं सांगते.