ती येते का, एवढंही नाही

सांगली,
रविवार

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भावकीतल्या काकांचा फोन आला, "आमची सून तुझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत येते म्हणे, काय म्हणते?" आणि तू उत्तर दिलंस, "काका, तिच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही." उत्तर मनापासून दिलंस, पण त्यातच सांगून बसलीस की ती येते. काकांना तेवढंच हवं असणार.

पुढच्या वेळी म्हण, "काका, कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणाचंच सांगत नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी हेच म्हणेन." दुसरं वाक्य गाळू नकोस. मोठ्या माणसाला तोडून बोलल्यासारखं वाटत नाही ते त्याच वाक्यामुळं.

मला नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. गणपती मंदिराच्या आवारात मला माझी एक पेशंट दिसली. चेहरा उजळलेला. मला इतका आनंद झाला की मी लांबूनच हाक मारली, "आता झोप लागते का गं?" शेजारी सासू उभी होती. घरी माझ्या पेशंटनं दाताच्या दवाखान्यात जाते म्हणून सांगितलेलं. ती पुन्हा आली नाही. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

आपल्याकडे पेशंट हरभट रोडला भेटतो, मिरज स्टेशनवर भेटतो, लग्नाच्या पंगतीत तर हमखास. म्हणून मी पहिल्याच भेटीत सांगते: बाहेर दिसलात तर मी आपणहून ओळख देणार नाही, राग मानू नका. तुम्ही बोललात तर मी बोलेन.

त्याच भेटीत आणखी एक सांगायचं असतं, आणि नवी मुलं तिथंच कचरतात. काय गुप्त राहणार नाही, तेही सांगायचं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं पेशंटला गोपनीयतेचा हक्क दिलाय, पण जिवाला धोका असेल किंवा दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल, तर आवश्यक तेवढी माहिती देता येते. तेवढीच, सगळी फाईल नव्हे. लहान मुलांच्या बाबतीत तर पर्यायच नाही. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून कुठल्याही मुलाला "हे आपल्या दोघांतच राहील" असा शब्द देऊ नकोस. त्या शब्दावर विसंबून ते बोलतं, आणि दुसऱ्या दिवशी दारात पोलीस बघतं. मग ते कोणत्याही मोठ्या माणसाला काही सांगेल का?

केसपेपरचंही तसंच. तो खिडकीतून, वॉर्डबॉय मामांच्या हातातून, नातेवाइकांच्या पिशवीतून फिरतो. उपचाराला लागतं तेवढंच त्यावर लिही. दिराचं नाव कशाला?

आता थोडं कडू. तुझ्या पत्रात त्या सुनेचं गाव होतं, नवऱ्याचा धंदा होता, मुलं किती तेही होतं. सल्ला द्यायला मला त्यातलं काही लागत नव्हतं. पत्र मी फाडून टाकलं. पुढच्या वेळी "एक बाई" एवढं पुरे.

आणि ती तुझ्या भावकीतली आहे हे तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना? मग तेव्हाच तिला विचारायला हवं होतं, "मी चालेन का, की दुसऱ्या ताईंकडे बसता?" अजून उशीर झालेला नाही. मंगळवारी ती आली की दार लावून घे. काकांचा फोन आल्याचं तिला सांग, तू काय बोललीस ते शब्दाला शब्द सांग, चुकलं तेही सांग. घरात ही गोष्ट कशी निघेल, कोण काय म्हणेल, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. पुढं काय करायचं ते ती सांगेल. कदाचित तुझ्याकडे यायचं नाही म्हणेल. तसं म्हणाली तर कारण विचारू नकोस, दुसऱ्या ताईंची वेळ तिथल्या तिथं ठरवून दे.

तुझी,
ताई