फोटो पानावर लहान दिसतो, फाइलीत नाही

सर, तुम्ही लिहिलंय की तिसरी-चौथीसाठी परिसरातल्या झाडांची कृतिपुस्तिका वर्डमध्ये केली, ६० पानं, ९० फोटो, आणि फाइल झाली २१० एमबी. कार्यालयाला ती १० एमबीच्या आत हवी आहे आणि तिथून फोनवर उत्तर मिळालं, ‘प्रिंट काढा, स्कॅन करा नि टाका.’ हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकी काहीही करा, पण हे नको.

मलाही एका कार्यालयातून अगदी हेच सांगितलं होतं. आमची पुस्तिकाही झाडांचीच होती. अपलोड करायला गेलं की ‘फाइल स्वीकारली नाही’ एवढंच यायचं. किती एमबीपर्यंत चालेल ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. फोन केला की हा त्या टेबलाकडे पाठवणार, तो पुन्हा पहिल्याकडे. शेवटच्या दिवशी कुणीतरी स्कॅनचा तोडगा सांगितला, तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन करून घेतलं आणि ती फाइल लगेच स्वीकारली गेली. पुढे नीट लहान केलेली स्वच्छ फाइल तयार झाल्यावर ‘ही बदलून घ्या’ म्हणून मी मागे लागले, तर ‘एकदा जमा झालं की बदलता येत नाही.’ मग तीच धूसर प्रत सगळ्या शाळांमध्ये फिरली, माझ्या नावासकट.

नुकसान नुसतं दिसण्याचं नव्हतं. कडुनिंबाच्या पर्णिकेची कड कातरलेली असते आणि करंजाची सरळ, हा फरक मुलांनी स्वतः शोधावा म्हणून अख्खं पान केलं होतं. स्कॅनमध्ये दोन्ही हिरवे डाग. दुसऱ्या शाळेतले एक सर, ज्यांना फार कमी दिसतं, फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय) लावून वाचतात. त्यांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही, कारण स्कॅनमध्ये मजकूर उरतच नाही, उरतो तो मजकुराचा फोटो. ज्यांना आपल्या गावची झाडं घालून प्रश्न बदलायचे होते, त्यांना एक ओळही कॉपी करता येईना.

आणि गणित तरी बघा. ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेलं ए-फोर पान म्हणजे २४८० बाय ३५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल, चित्राचे ठिपके. त्या पानावर चार ओळी असोत नाहीतर चार फोटो. टाइप केलेल्या मजकुराला खरं तर काही केबी पुरतात. ६० पानं १० एमबीत बसवायची तर पानामागे १७० केबीसुद्धा येत नाहीत, म्हणून स्कॅन इतका चिरडावा लागतो की फोटोही जातो आणि अक्षरही.

आता तुमच्या फाइलीकडे. कोपरा धरून फोटो लहान केलेत असं तुम्ही म्हणता. गोधडीची घडी घातली म्हणून तिचं वजन कमी होत नाही, तसंच हे. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो आणि पानावर ८ सेंटिमीटरचा दिसला तरी आत बहुधा पूर्ण तेवढाच असतो. क्रॉप केलेला भागसुद्धा आत तसाच राहतो. अर्ध्या पानाच्या रुंदीच्या फोटोला ७०० पिक्सेल पुरतात, पूर्ण रुंदीला १२००. १२०० बाय ९०० म्हणजे ११ लाखांहून कमी पिक्सेल, मूळच्या अकराव्या हिश्श्याच्या आसपास, आणि शाळेच्या प्रिंटरवर फरक ओळखू येत नाही.

माझं स्पष्ट मत: फोटो वर्डमध्ये घालण्याआधीच लहान करावेत. विंडोजवर चालणाऱ्या इरफानव्ह्यू या प्रोग्राममध्ये बॅच कन्व्हर्जन आहे, पॉवरटॉइजमध्ये इमेज रिसाइझर आहे, अख्खं फोल्डर एका दमात होतं. जेपेगची (फोटो दाबून साठवणारा फाइलीचा प्रकार) क्वालिटी ८० ठेवा. मूळ फोटोंना हात लावू नका, प्रत काढून तिच्यावर काम करा. एकच जेपेग पुन्हा पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा खराब होतो.

तुमची पुस्तिका तयारच आहे, त्यामुळे तुमच्यासाठी दुसरा रस्ता. आधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. मग कोणताही एक फोटो निवडून पिक्चर फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस पिक्चर्स. ‘फक्त या चित्राला लागू करा’ अशा अर्थाची टिक आधीच लागलेली असते, ती काढा. ही टिक राहिली की ९० पैकी एकच फोटो लहान होतो आणि माणूस म्हणतो, वर्डला जमत नाही. क्रॉप केलेला भाग काढून टाकायची टिक ठेवा, १५० पीपीआय (इंचाला १५० पिक्सेल) निवडा आणि सेव्ह करा. ९६ चा पर्याय मी झाडापानांना वापरत नाही, शिरा जातात. (मी संगणकाची शिक्षिका नाही. आवृत्तीप्रमाणे मेनू थोडे इकडेतिकडे असतात.) वर्डऐवजी लिब्रेऑफिस असेल तर पीडीएफ एक्स्पोर्ट करतानाच रिझोल्यूशन आणि जेपेग क्वालिटी विचारतात.

एवढं करूनही फाइल जड राहिली, तर आत बघा. डॉक्स फाइल ही मुळात झिपच असते. प्रत काढून तिच्या नावातलं शेवटचं ‘डॉक्स’ काढून ‘झिप’ करा, उघडा, वर्ड नावाच्या फोल्डरात मीडिया दिसेल. आकाराप्रमाणे लावलं की दोषी चित्रं लगेच वर येतात. बहुतेक वेळा ती पीएनजी (छायाचित्राला जड पडणारा फाइलीचा प्रकार) झालेली छायाचित्रं असतात, कुठूनतरी कॉपी-पेस्ट केलेली. छायाचित्राला जेपेग, रेघांच्या आकृतीला पीएनजी. तुम्हाला कुणीतरी ‘झिप करून पाठवा’ सुचवलंय, त्याचा उपयोग नाही, कारण जेपेग आधीच दाबलेलं असतं. ‘कृष्णधवल करा’ यानेही जेपेगमध्ये फारसं वाचत नाही, उगाच पळसाच्या फुलाचा रंग जातो.

पीडीएफ करताना ‘सेव्ह अ‍ॅज’मधून करा, मजकूर मजकूरच राहू द्या. फॉन्ट युनिकोड असावा, म्हणजे कुठल्याही संगणकावर तीच अक्षरं दिसणारा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात.

पुढच्या वेळेसाठी एक सांगते. पान झाडावर असताना फोटो काढू नका, पांढऱ्या कार्डशीटवर ठेवून काढा. मागे गवत, फांद्या, ऊन-सावली असली की तो सगळा बारीक तपशील जेपेगला साठवावा लागतो. साध्या पार्श्वभूमीचा फोटो तेवढ्याच पिक्सेलला बराच हलका होतो, आणि मुलांनाही पानाची कड स्वच्छ दिसते. अख्ख्या झाडाचा एक फोटो वेगळा द्यावा.

फुकटात पीडीएफ लहान करून देणाऱ्या वेबसाइटबद्दल माझं मत कडक आहे. फोटोंत मुलांचे चेहरे असतील तर तिथे टाकू नका, ती फाइल अनोळखी सर्व्हरवर जाते. फोनवरच्या मूळ फोटोत ठिकाणाची माहितीही असू शकते, तीही आधी काढून टाका.

कार्यालयाला मात्र आजच लेखी विचारा: मर्यादा किती, कोणत्या प्रकारची फाइल चालते, आणि नंतर प्रत बदलता येते का. फोनवरच्या उत्तराला नंतर कुणी वाली नसतो.

कॉम्प्रेस करूनही १० एमबीच्या वर राहिली तर मीडिया फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या पाच चित्रांचे प्रकार आणि आकार इथे लिहा, त्यावरून काय करायचं ते सांगते.