नागपूरच्या बायकांवर युद्धकाळाची कादंबरी: काळ कोणता निवडावा?

नागपूरच्या बायकांवर कादंबरी लिहायची तर काळ १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईचा घ्यावा की दुसऱ्या महायुद्धाचा, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर महायुद्धच घ्या. सीताबर्डीची लढाई १८१७ च्या नोव्हेंबरात, २६-२७ तारखेला आटोपली. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले, त्यांच्याशी लढलेले इंग्रज, सीताबर्डीची टेकडी यांचं वर्णन करता करता तुमची बाई मागेच राहील.

महायुद्धात बॉम्ब नागपुरावर पडले नाहीत, पण युद्ध थेट चुलीपर्यंत आलं. इतवारीतलं एक कोष्ट्याचं घर घ्या. तिथे माग नवऱ्याचा, पण कांड्या भरणारी ती. सुताची टंचाई झाली, १९४३ मध्ये कापड-सुतावर सरकारी नियंत्रण आलं. माग थांबला की तिचा हातही थांबला, मग चार पैसे आणायचे कुठून? पैसासुद्धा बदलला होता: तांबं वाचवायला सरकारने १९४३ पासून मध्ये भोक असलेला पैसा काढला. तो दोरीत ओवून कनवटीला लावणारी बाई एका वाक्यात डोळ्यांपुढे उभी राहते, युद्धाचा खुलासा वेगळा करावा लागत नाही.

दुसरं पात्र हवं असेल तर १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये भरती झालेल्या पोराची आई घ्या. पत्र सेन्सॉर होऊन येणार, तिला वाचता येत नाही, वाचून दाखवणारा शेजारी काय गाळतो ते तिला कसं कळणार? (मला तर हीच जास्त भावते.)

बेचाळीसचं आंदोलन मात्र पार्श्वभूमीलाच ठेवा, नाहीतर तेच अख्खी कादंबरी खाऊन टाकेल. आणि संवाद पुणेरी नकोत बाप्पा!